रांगोळीतला दम

जे. पी. नगर, बेंगळुरू
१२ जानेवारी २०२५

ती. महानंदाअक्का,

साष्टांग मनातल्या मनात घालतो; कंबर धरली आहे, वाकायला सांगू नकोस.

फोनवर तू विचारलंस, "एवढं काय आहे की कागदावरच लिहिणार?" नियम तुझाच आहे. संकेश्वरच्या तुझ्या शाळेत नेट नव्हतं तेव्हा तू म्हणाली होतीस, बोलायचं ते फोनवर बोलू, पण एकानं दुसऱ्याच्या लिखाणाला हात लावायचा तर पत्र टाकून विचारायचं, आणि उत्तरही पत्रानंच यायला हवं. नेट आलं, नियम तसाच राहिला. आपल्या 'अंगण' या प्रोग्राममध्ये मी तुझ्या एकाही ओळीला विचारल्याशिवाय हात लावलेला नाही. आता लावायची वेळ आली आहे.

क्रमानं सांगतो. प्रांजली म्हणून पुण्याच्या एक बाई आहेत. राहायला महादेवपुऱ्यात, नोकरी व्हाइटफील्डच्या कंपनीत, आणि सुट्टीच्या दिवशी अंगणचं काम करतात, कुणी सांगितलेलं नसताना. आपण सगळं उघडं आणि फुकट ठेवलं म्हणून अशी माणसं आपणहून येतात. परवा त्यांनी विचारलं, "काका, हे सुरू कुणी केलं?" काका म्हटलेलं मला आवडत नाही, तरी उत्तर दिलं. म्हटलं, संकेश्वरची एक गणिताची बाई आणि निपाणीत टीव्ही दुरुस्त करणारा तिचा मामेभाऊ. मुलांना मराठीत नाहीतर कन्नडमध्ये प्रोग्राम लिहिता यावा, एवढीच इच्छा. मामेभाऊ बेंगळुरूला आला, अ‍ॅव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर झेरॉक्स केलेली पुस्तकं मिळायची ती वाचून शिकला. कॉलेजची पायरी चढला नाही आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही. एस. पी. रोडवरून जुना मॉनिटर घेऊन, पोत्यात शिवून त्यानं तो संकेश्वरच्या बसच्या टपावर टाकला. अंगणची नवी आवृत्ती झाली की सीडी कंडक्टरच्या हाती द्यायची. बाई मधल्या सुट्टीत स्टँडवर येऊन ती घ्यायच्या, आणि कंडक्टर त्यांना 'सीडीबाई' म्हणायचा.

सांगताना माझ्याच लक्षात आलं, आपण तेव्हा केवढे तरुण होतो. प्रांजली म्हणाल्या, "सो क्यूट." मग मी पुढचं सांगितलं नाही.

आता मुद्दा. अंगण आजवर नावाप्रमाणेच होतं. जे लिहिलं ते उघड्यावर पडलेलं, कुणीही कुणाचं उचलावं. आपण दोघं होतो तोवर ठीक होतं. आता लिहिणारे वाढले आणि एकाची वस्तू दुसऱ्याच्या पायात यायला लागली. त्यात एका ट्रस्टला बेळगाव बाजूच्या शाळांतल्या टॅबलेटवर अंगण घालायचं आहे. तिथले शिवकुमार म्हणतात, लहान यंत्रात एवढा पसारा मावत नाही, लागतं तेवढंच द्या, आणि एप्रिलअखेर द्या. म्हणून कप्पे करायला घेतले. प्रत्येक कप्प्यावर लिहायचं की मला अमका कप्पा लागतो. यंत्र त्या क्रमानं एकेक उघडेल. सगळ्यांत खाली पाया, म्हणजे मुलांनी लिहिलेल्या सूचना एकेक करून चालवणारा माझा भाग. त्यावर तुझी रांगोळी, म्हणजे चित्र काढणारा भाग.

यंत्रानं नकार दिला. रांगोळीला पाया लागतो, आणि पायालाही रांगोळी लागते म्हणे. मी म्हटलं, शक्य नाही, माझा पाया कुणावर टेकलेला नाही. प्रांजलींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तुझा 'दम'. दर रेघेनंतर चित्र जरा थांबतं ना, तो. पुढची सूचना चालवण्याआधी माझा पाया रांगोळीला विचारतो, दम झाला का. ती ओळ मीच लिहिली होती, तुझ्या सांगण्यावरून. दोघं एकमेकांसाठी अडून बसल्यावर यंत्रानं आधी कुणाला उघडायचं?

उपाय सरळ आहे. दम काढून टाकायचा. तो तेव्हाच्या मॉनिटरसाठी होता, रेघ उमटायला वेळ लागायचा म्हणून; मला पक्कं आठवतं. आता स्क्रीन क्षणात रंगतात. प्रांजलींनी दम काढून पाहिला, सगळ्या चाचण्या पास झाल्या. तुझी परवानगी तेवढी हवी. लिहून.

गुंडो


संकेश्वर
२४ जानेवारी

गुंडो,

आशीर्वाद, आणि कंबरेला तिळाचं तेल. तिळगूळही पाठवतेय, वाटेत फुटेल, तसाच खा.

दम काढ. माझी हरकत नाही. टॅबलेट म्हणजे प्रत्येक मुलाच्या हातात एकेक, होय ना? मग काढच.

रिटायर झाल्यावर परवा पहिल्यांदा शाळेत गेले. गंगव्वा अजून शिपाई आहे. तिनं कौतुकानं संगणकखोलीचं कुलूप काढून दाखवलं. आत दुपारच्या जेवणाच्या तांदळाची पोती. आपली मुलं भिंतीवर खडूनं बाण काढायची, आता चित्र कुठं वळणार त्याचे. पोत्यांच्या वरचे तेवढे शिल्लक आहेत. गंगव्वा म्हणाली, "बाई, पोती सरकवू का?" मी म्हटलं, कशाला.

आणि 'सीडीबाई' कंडक्टर म्हणत नव्हता, ड्रायव्हर म्हणायचा. कंडक्टर नुसता हसायचा. तू बारकाव्याचा एवढा, हे कसं चुकलं?

अक्का


जे. पी. नगर
१६ फेब्रुवारी

ती. अक्का,

ड्रायव्हरचं मान्य. मान्य करायला दोन दिवस घेतले.

तुझं पत्र आलं, परवानगी मिळाली, काम पुढे सरकायला हवं होतं. पण ते पत्र मला टोचत राहिलं. रांगोळीतला एक रंग मी बदलू म्हटलं होतं तेव्हा तू तीन पानं लिहिली होतीस. आणि दम दोन शब्दांत काढून टाकलास? मी मनाशी म्हटलं, असेल, वय झालं. (वय तुझं. माझं अजून व्हायचं आहे.)

गेल्या रविवारी रत्नाबाईंकडे गेलो होतो. आमच्या मागच्या गल्लीतल्या. त्यांचं घराणं इकडे येऊन तीन-चारशे वर्षं झाली म्हणतात. मराठीत निम्मं कन्नड, पण मराठी सोडलेलं नाही. त्यांची नातवंडं, विराट आणि शिवानी, गेली दोन वर्षं आपल्या अंगणात खेळतात. म्हटलं, कप्प्यांची नवी आवृत्ती आधी यांना दाखवू. शिवानीनं सूचना लिहिल्या, बटण दाबलं, आणि अख्खं कमळ एकदम पडद्यावर. "आयतु," म्हणाली, म्हणजे झालं. आणि उठली. विराटनं तर पाहिलंही नाही. मी आणखी एक काढायला लावलं. तेही झालं. दोघं बॅट घेऊन खाली गेली.

रत्नाबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "अण्णा, हे काय केलंत? आधी स्वल्प स्वल्प करत यायचं, पोरं भांडायची."

"भांडायची कशावरून?"

"आता इकडं वळतंय की तिकडं, त्याच्यावरून. मी पण भांडायची. एकदा मी जिंकले होते."

मी पोरांना वर बोलावलं आणि जुनी आवृत्ती लावली. रेघ आली, थांबली. विराट म्हणाला, "आता डावीकडं." शिवानी म्हणाली, "गप रे, आधी पुढं जाईल." पुढं गेलं. ती त्याला चिडवेपर्यंत दुसरी रेघ आली. बॅट दाराशी पडून राहिली.

मॉनिटर नवा, रेघ उमटायला क्षणही लागत नाही, आणि तरी दम तिथं काहीतरी करत होता. अक्का, तो तू कशासाठी घातला होतास? स्क्रीनसाठी हे तुझं म्हणणं होतं की माझं, ते मला आठवत नाही, आणि असं मला सहसा होत नाही.

गुंडो


संकेश्वर
२५ फेब्रुवारी

गुंडो,

तुझं म्हणणं होतं. मी "चित्र जरा थांबायला पाहिजे" एवढंच सांगितलं. तू फोनवरच निदान केलंस, मॉनिटर जुना, ट्यूब दमली, आणि लगेच लिहून दिलंस. काम झालं होतं. मी कशाला दुरुस्त करू? टीव्हीवाल्याला ट्यूबच दिसणार.

वर्गात एक यंत्र होतं आणि पोरं वर्गभर. एकाच्या हाताखाली कीबोर्ड, बाकीच्यांना मान उंच करून नुसतं बघायचं. पहिल्या आठवड्यात मागच्या रांगेतली महादेवाच्या देवळाजवळची पोरं झोपायला लागली. मग मनात आलं, रेघेनंतर चित्र थोडं थांबलं तर बाकीच्यांना बोलता येईल. ज्यांच्या हातात काही नव्हतं त्यांच्यासाठी होता तो दम. बाण काढायची ती त्यांनीच. कीबोर्डवाल्याला उलट त्या दमाचा राग यायचा.

म्हणून तू टॅबलेट म्हणालास तेव्हा वाटलं, आता सगळ्यांच्याच हातात आहे, मागची रांगच उरली नाही, तर दम कुणासाठी ठेवायचा? आणि माझ्या एका ओळीपायी तुझं एवढं मोठं काम अडलं असतं. वर्गात उभी असते तर भांडले असते. समोर मुलं नसताना कशाच्या जोरावर भांडायचं?

कमळ कुणी शिकवलं त्या पोरीला? मोठ्या पाकळीला ती कोन कुठला देते, लिही.

अक्का


जे. पी. नगर
९ मार्च

ती. अक्का,

शिवानी कोन साठचा देते. तिचं ती शिकली. तशी शिकलेली माणसं मला आवडतात.

दम राहतो आहे. कसा, ते ऐक. तो रांगोळीत ठेवला तर पाया अडतो, पायात ठेवला तर तो तुझा राहत नाही. म्हणून त्याला स्वतःचा कप्पा दिला. त्या कप्प्याला कुणीच लागत नाही. रांगोळी आणि पाया, दोघंही त्याच्याकडे मागतात. वेटोळं सुटलं. यंत्रानं मुकाट्यानं सगळं उघडलं. प्रांजलींनी मान डोलावली. त्या बाईंची मान सहज डोलत नाही, परवा माझी एक चूक त्यांनी सगळ्यांसमोर काढली होती आणि ती चूकच होती.

वेळही जपली. जुन्या आवृत्तीत जेवढा थांबायचा तेवढाच थांबतो, तसूभर कमी-जास्त नाही. एप्रिलअखेर शिवकुमारांच्या हाती देतो. देव्हाऱ्यात देव बसवावा तशी, पान-फूल घालून तुझी ओळ परत बसवली आहे असं समज.

परवा एस. पी. रोडला गेलो होतो. आपला मॉनिटर घेतला होता ते दुकान आता मोबाइलची कव्हरं विकतं. मालक तोच. मी म्हटलं, आठवतं का, पोत्यात शिवून नेला होता. म्हणाला, "सार, तेव्हा सगळेच पोत्यात नेत होते." मला वाटत होतं, मी एकटाच.

दमाच्या कप्प्यासाठी तुझा होकार पाठव.

गुंडो


संकेश्वर
१७ मार्च

गुंडो,

हरकत घेते.

तू जपलेली वेळ माझ्या वर्गाची वेळ आहे. पोरं किती उशिरानं ओरडतात ते बघून मी ती ठरवली होती, मागच्या रांगेतून आवाज यायला लागतो तेवढी. टॅबलेटवर एकटं बसलेलं पोर तेवढं थांबेल असं तुला कुणी सांगितलं? एखाद्याला ती कमी पडेल, एखाद्याला जांभई येईल. शिवानीचा दम आणि विराटचा दम सारखा नसतो. भाऊ-बहीण असले तरी.

मला असं पाहिजे. रेघ आली की चित्रानं थांबायचं, आणि पोरानं बोट लावेपर्यंत थांबूनच राहायचं. मुलगी बाजूच्याला विचारेल, बाण काढेल, नाहीतर पाणी प्यायला जाऊन येईल. ती आली की पुढं.

मला कळतं याचा अर्थ काय होतो. तुझा पाया सूचना सुरू केल्या की शेवटापर्यंत पळवत नेतो, दमापुरता अडखळतो तेवढाच. मध्येच सोडून द्यायचं आणि मग तिथूनच उचलायचं, हे त्याला येत नाही. म्हणजे सूचना एकामागून एक चालवणारी ती तुझी फेरी, जिला तू कुणाला हात लावू देत नाहीस, ती पुन्हा लिहायला लागणार.

इतक्या वर्षांत तूच माझ्याकडे परवानगी मागत आलास. आज मी मागते. तुझ्या लिखाणाला हात लावू का? लिहून कळव.

अक्का


संकेश्वर
२९ एप्रिल

गुंडो,

उत्तर नाही. फोनवर तू कंबर, ऊन आणि मेट्रो एवढंच बोललास. तेव्हा नाही असं धरते.

एप्रिल संपतोय. माझं जानेवारीचं पत्र तुझ्याकडे आहे, त्यात दम काढ म्हणून लिहिलंय, सहीसुद्धा आहे. त्यावर देऊन टाक. नियमात बसतं. मी रागावलेली नाही.

अक्का


जे. पी. नगर
८ जून

ती. अक्का,

नियमात बसत होतं. प्रांजलींनी पण तेच सांगितलं. "काका, त्यांचा होकार ऑन रेकॉर्ड आहे. दम काढलेली आवृत्ती आज दिली तरी कुणी बोलणार नाही." ती आवृत्ती तयार होती. शिवकुमारांचा फोन रोज यायचा, "सर, शाळा सुरू होतायत."

तुझं मार्चचं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा राग आला, हे लिहायला हवं. ती फेरी मी निपाणीचं दुकान बंद करून आलो त्या वर्षी लिहिली. भाड्याच्या खोलीत टेबल नव्हतं, ट्रंकेवर कीबोर्ड. कुणी शिकवलं नव्हतं, कुणाला विचारायची सोय नव्हती. आजवर ती एकदाही चुकलेली नाही. लोक येऊन बाकी सगळं बदलून गेले, माझं म्हणून तेवढंच उरलं. तिला हात लावू का, असं तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, ही माझी ट्रंक बाहेर काढायला सांगते आहे.

तीस एप्रिलला शिवकुमारांना सांगितलं, या सत्रात मिळणार नाही. ते म्हणाले, मग मुलं या सत्रात दुसरं काहीतरी वापरतील. म्हटलं, वापरू देत. दसऱ्यानंतर घ्यायला ते तयार आहेत, नाइलाजानं. तेवढं सत्र गेलं, अक्का. ते माझ्या न लिहिलेल्या उत्तरामुळे गेलं की तुझ्या हरकतीमुळे, याची वाटणी आपण नको करूया.

मे महिनाभर फेरी पुन्हा लिहिली. परवानगी आहे, असं मी लिहायच्या आधी हात मीच लावला. आता दर सूचनेनंतर पाया सगळं आहे तिथं नीट ठेवतो आणि बाजूला होतो. बोट लागलं की ठेवलेलं उचलतो. जुनी फेरी यापेक्षा वेगवान होती, ते मी कुठंही मोजून सिद्ध करून देईन. पण नव्या फेरीत मुलाला मध्येच मागेही जाता येतं. ते तू मागितलं नव्हतंस. तुला सुचलं नव्हतं, एवढं मान्य कर.

एक गोष्ट अजून. यंत्र सुरू झालं की आता सगळ्यांत आधी तुझा दमाचा कप्पा उघडतं, मग माझा. परिचयाच्या पानावर पहिलं वाक्य होतं, अंगणचा पाया गुंडो यांनी घातला. वाक्य माझं, म्हणून परवानगी न मागता खोडलं. तिथं नवं काय लिहायचं ते मला जमलेलं नाही. रिकामं आहे.

सोबत पेन ड्राइव्ह. पोस्टानं पाठवतो आहे. बसवाले आता पार्सलची पावती मागतात आणि ओळखीचं कुणी उरलं नाही. वापरून बघ आणि मग होकार दे. वापरल्याशिवाय देऊ नकोस.

गुंडो


संकेश्वर
३ ऑगस्ट

गुंडो,

उशीर झाला, कारण तू वापरून बघ म्हणालास. एकटीनं वापरण्यात काय अर्थ? मुख्याध्यापकांना भेटले. ते म्हणाले, खोली नाही. मग आमच्याच पडवीत बसवलं. गल्लीतली सहा-सात पोरं येतात, त्यांत नगरपालिकेतल्या भीमाचार्यांची नात सोनम, शनिवार-रविवारी येणारी, बाकी इथलीच. टॅबलेट दोनच, माझ्या मुलीचा जुना आणि शेजारच्यांचा. म्हणजे मागची रांग आहेच, आपण उगाच ती संपली म्हणत होतो.

काल गंगव्वाची नात सकू बसली होती. दुसरीतली, फार बोलत नाही. चौथी रेघ आली आणि सकू थांबली. बोट उचललेलं, पण लावेना. सोनम म्हणाली, "लाव ना, हँग झालंय का?" मी म्हटलं, हँग नाही, ती विचार करतेय. सगळी थांबली. बाहेरून भाजीवाला ओरडून गेला, मला वांगी घ्यायची होती, मी उठले नाही. शेवटी सकूनं फरशीवर ओल्या बोटानं बाण काढला, उजवीकडं. मग पडद्याला बोट लावलं. रेघ डावीकडं गेली. पोरं हसली, ती पण हसली. मग तिनं तुझं ते मागं जायचं बटण शोधून काढलं, एक पाऊल मागं गेली, सूचना बघितली, आणि मला म्हणाली, "अज्जी, ह्यानं बरोबर केलंय. मी चुकले."

मागं जाणं मला सुचलं नव्हतं. मान्य.

परिचयाच्या पानावर दोघांची नावं घाल, आधी कुणाचं ते पोरांना काय करायचंय. तुझी जुनी फेरी टाकून देऊ नकोस, कुठल्यातरी कप्प्यात ठेव, कुणाला लागली तर काढतील. शिवकुमारांना दसऱ्याचं कळव, आणि त्यांना सांग, दोन पोरांत एक टॅबलेट दिला तरी चालेल, उलट बरंच.

जानेवारीचं माझं पत्र फाडून टाक. होकार हा आहे.

महानंदा